समुद्राच्या हानीचा हिशेब

अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मृत्युमुखी पडले. १९९१ मध्ये कंपनीने दिवाणी तडजोडीत ९० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. परंतु मेलेल्यांची मोजदाद म्हणजे हानीची मोजदाद नव्हे. जे पक्षी वाचले, त्यांच्या हानीचे काय?

तिचा माग जिवंत पक्ष्याच्या रक्तात लागू शकतो. पोटात गेलेले तेल तांबड्या पेशी फोडते व यकृताला इजा करते. त्यामुळे मोकळे हिमोग्लोबिन बांधून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन आणि यकृतातून रक्तात उतरणारी विकरे यांच्या पातळीत फरक पडू शकतो. पिजन गिलेमॉट हा तेथील पक्षी विणीच्या काळात घरट्याजवळच्या उथळ पाण्यातच भक्ष्य शोधतो. त्यामुळे त्याचे रक्त ही त्याच किनाऱ्याची साक्ष ठरते. शिवाय रक्त घेऊन पक्ष्याला सोडून देता येते. अपघातानंतर दहा वर्षांनीही तेल पसरलेल्या भागातील प्रौढ गिलेमॉटच्या यकृतात तेलाच्या संपर्काची खूण असलेले विकर अधिक आढळले.

अशी प्रथिने रोगसंसर्गानेही वाढतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एकट्या आकड्याला अर्थ नाही. स्वच्छ किनाऱ्यावरील पक्ष्यांशी, आणि शक्यतो अपघातापूर्वीच्या नोंदींशी, तुलना झाली पाहिजे.

येथेच हा प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. १९९१ च्या तडजोडीत, त्या वेळी न कळलेल्या हानीसाठी आणखी १० कोटी डॉलरपर्यंत मागण्याची तरतूद होती. २००६ मध्ये तीनुसार मागणी झाली; २०१५ मध्ये ती सोडून देण्यात आली. जी हानी सिद्ध करता येत नाही, तिची किंमत बाजारात शून्य धरली जाते. मग नफा जहाजमालकाचा आणि तोटा समुद्राचा, असा व्यवहार राजरोस चालतो.

आपल्या किनाऱ्यालाही हे संकट अपरिचित नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले होते. अपघात झाल्यावर रक्ताचे नमुने घेण्यास धावणे म्हणजे घर जळाल्यावर सामानाची यादी करण्यासारखे आहे. तेलवाहतुकीच्या मार्गावरील किनाऱ्यांवर पक्ष्यांच्या रक्ताच्या नोंदी नियमितपणे ठेवल्या पाहिजेत आणि त्यांचा खर्च तेलाच्या व्यापारावरच टाकला पाहिजे.