चष्मा उतरवण्याआधी
लग्न ठरले, की चष्मा घालवण्याची घाई सुरू होते. मात्र लेसरने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, थोडा भाग कायमचा काढला जातो. तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून आधीची तपासणी महत्त्वाची. वय किमान 18 आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे हे पटल फारच पातळ असेल किंवा शंकूसारखे पुढे येत असेल, तर लेसर टाळावे. कॉन्टॅक्ट लेन्समुळे मापे चुकतात. त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवाव्यात. गरोदरपणात थांबावे. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच. तपासून डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर ‘हो’ म्हणणारा शोधत फिरू नये. त्या नकारातच दृष्टीची काळजी असते.