टिपणे आणि टिपण

एका चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत, चहाचा पेला हातात असताना, आम्ही एका ज्येष्ठ प्राध्यापकांना सहज सांगून बसलो की आम्ही पाहिलेल्या प्राण्यापक्ष्यांच्या छायाचित्रांचा एक छोटा संग्रह गेली बरीच वर्षे आंतरजालावर ठेवीत आलो आहोत. ते हसले आणि म्हणाले, “म्हणजे पूर्वी संस्थानिक दिवाणखान्यात शिंगे लावीत, तशा तुम्ही जालावर शेपट्या लावता.” भोवतालची मंडळीही हसली. वाक्य चांगले होते, आणि चांगल्या वाक्याला उत्तर सुचायला वेळ लागतो. आम्हाला काही महिने लागले.

आरोपातला खरा भाग आधी मान्य करून टाकू. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद फार सोयीचे आहे आणि म्हणूनच संशयास्पदही. शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो, पाखरू दाणे टिपते, आणि वर्गातला विद्यार्थी शिक्षक सांगतील ते टिपून घेतो. यांपैकी पहिल्या दोघांची सोयरीक केवळ शब्दापुरती नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली निघाले. जनावराच्या वाटेवर तार लावायची, तिला पाय लागला की कॅमेऱ्याने आपोआप चित्र घ्यायचे, ही त्याची रीत. सापळ्याची कल्पना तीच, फक्त सापळ्यात अडकणारी वस्तू बदललेली. सालिम अलींच्या आयुष्याची सुरुवात तर सर्वांना पाठ आहे. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याच्यासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले. बंदूक, खण, कॅमेरा ही एकाच घराण्याची मंडळी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि हे सगळे इतिहासात जमा झाले आहे असेही नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट अडवून धरली. चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या गाड्यांतील मंडळी काय करीत होती? टिपत होती. आमचे प्राध्यापक तिथे असते तर त्यांचे वाक्य अक्षरशः खरे ठरले असते. वाघाचे तोंड पडदाभर, खाली पाहणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत, जागा नाही, तारीख नाही, जनावर काय करीत होते ते नाही. असा संग्रह दिवाणखान्यातल्या शिंगांचाच वारस आहे. त्याच्या बचावासाठी आम्ही एक अक्षरही खर्च करणार नाही.

परंतु आमच्या टीकाकारांची चूक नेमकी इथे होते. ते संग्रह म्हणजे चित्र असे धरून चालतात. साहित्याच्या माणसांनी तरी असे करू नये, कारण हस्तलिखिताचे मोल त्याच्या पुष्पिकेवरून ठरते हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो. पोथी कोणी लिहिली, कुठे लिहिली, कोणत्या शकात लिहिली, हे शेवटच्या चार ओळींत असते. त्या चार ओळी खोट्या निघाल्या तर उरलेली चारशे पाने संशयात जातात. प्राण्यांच्या संग्रहालाही अशी पुष्पिका असते. त्या पुष्पिकेने काय होऊ शकते याची एक कथा महाराष्ट्राच्याच मातीतली आहे, आणि ती मराठीच्या वर्गात सांगितली जात नाही याचे आम्हाला नवल वाटते.

कथा रानपिंगळ्याची. ह्यूमने १८७३ साली या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढच्या काही वर्षांत त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले, त्यांतले काही खानदेशातून जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवलेले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. एकच अपवाद होता: १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण एक रानपिंगळा मारला, अशी चिठ्ठी रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील नमुन्याला बांधलेली होती. हा गृहस्थ मोठा सैनिक, मोठा पक्षीतज्ज्ञ आणि मोठा दैनंदिनीकार म्हणून नावाजलेला. त्याच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखवणार? पिंगळा विसाव्या शतकात मांडवीला होता, हे ज्ञान होऊन बसले.

ते ज्ञान नव्हते, चोरी होती. डेव्हिडसनने गोळा केलेला एक नमुना माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून उचलला, त्यातला जुना भरावा काढून तो नव्याने भरला, आणि त्याला स्वतःच्या नावाची, भलत्या गावाची, भलत्या सालाची चिठ्ठी बांधली. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली. त्यांनी ती चिठ्ठी रद्द ठरवली, उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या हाती घेतल्या आणि त्यांतली गावे नकाशावर शोधीत त्या दोन सहकाऱ्यांसह भारतात आल्या. आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. तिथे काही सापडले नाही. मग त्या पश्चिमेकडे वळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा उजेडात तो पक्षी एका झाडावर बसलेला दिसला. शतकाहून अधिक काळ हरवलेला पक्षी! तो हरवला नव्हताच. नंतर तो मेळघाटातही आढळला. तिथल्या माणसांना तो कधी हरवला असे वाटले असेल का, हा प्रश्न आम्ही इथे केवळ नोंदवून ठेवतो.

आता या कथेत चित्र किती आणि चिठ्ठी किती, ते पाहावे. माइनर्ट्झहागेनचा नमुना खरा होता. पिसे खरी, चोच खरी. खोटी होती ती दोन ओळींची नोंद, आणि तेवढ्याने एका जिवंत प्राण्याचा पत्ता कित्येक दशके चुकीचा राहिला. डेव्हिडसनने लिहिलेली खानदेशाची नोंद मात्र शंभर वर्षांनंतरही कामाला आली. असे काम करणारे वाक्य आपल्यापैकी किती समीक्षकांनी लिहिले आहे?

आमच्या संग्रहात वाघ एकच आहे, तोही अर्धा, बांबूआड. उरलेली सहाशेच्या आसपास छायाचित्रे साळुंक्या, कोतवाल, खारी, सरडे, बेडूक, पाली, गल्लीतली कुत्री आणि एका टाकीवर रोज सकाळी येणारी घार यांची आहेत. कित्येक धूसर आहेत. प्रत्येकाखाली तारीख, गाव, वेळ आणि एखादे वाक्य आहे. “हे कोण पाहणार?” असे आम्हाला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चिमणीपाशी आहे.

दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, आमच्या ओळखीची निम्मी कविमंडळी चिमणी गेल्याचे शोकगीत लिहितात. अंगण गेले, आजी गेली, चिमणी गेली. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा पाया कोणता? सुमारे १५,५०० हौशी निरीक्षकांनी जमवलेल्या एक कोटीहून अधिक नोंदी. आणि त्यांत आमच्यासारख्यांच्या ‘आज सकाळी आठ चिमण्या’ या थाटाच्या नीरस ओळीच भरपूर. अहवालात ८६७ जातींचा विचार केला होता, आणि निष्कर्ष असा निघाला की मोठ्या शहरांत चिमणी कमी होत गेली आहे, देशभर मात्र तिची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. म्हणजे कवीच्या शहरातून चिमणी गेली आणि कवीने ती जगातून गेली असे लिहिले. शोक खरा असेल, पण त्याचा भूगोल चुकला. शिवाय, जिच्यावर कविता होत नाही अशा कितीतरी पाखरांची घसरण त्याच अहवालात आहे. त्यांच्यासाठी शोकगीत नाही, कारण त्यांचे नाव कवीला ठाऊक नाही.

नावाचा प्रश्न निघालाच आहे तर आमच्याच पंथाच्या लोकांवरही दोन शब्द. मराठी माणसाने मराठी मुलखात घेतलेल्या छायाचित्राखाली इंग्रजी नाव असते आणि फार तर लॅटिन. का? परीट म्हटले की शेपटी आपटत पाणवठ्यावर चालणारा पक्षी आणि धुणे आपटणारा माणूस एकदम दिसतात. तांबट म्हटले की उन्हाळ्यातल्या दुपारी भांड्यावर पडणारा ठोका ऐकू येतो. वेडा राघू, हळद्या, शिंपी, सुगरण, पावश्या: ही नावे म्हणजे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाची टिपणे आहेत, आणि ती वहीत लिहिलेली नसून जिभेवर होती म्हणून आपण ती सोडून द्यायची? मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे गावोगावच्या आणि आदिवासी माणसांकडून अशी नावे गोळा करण्यात घातली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ‘हे साहित्यिक कसे?’ अशी कुजबुज आम्ही स्वतः ऐकली होती. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या सभांना तीच कुजबुजणारी मंडळी होती. असो.

लॅटिन नावाशी आमचे भांडण नाही. एकाच होल्याला चार तालुक्यांत चार नावे असतात, तेव्हा ते उपयोगीच पडते. पण ती चारही नावे खाली लिहायला जागेचे भाडे पडत नाही. एकदा आम्ही एका पक्ष्याखाली कोशातले नाव लिहिले होते. त्या गावच्या एका शाळकरी मुलाने ते वाचून सांगितले की त्यांच्याकडे याला दुसरेच काही म्हणतात. आम्ही त्याचे नाव वर घेतले, कोशातले खाली. संग्रहात झालेली सर्वांत चांगली दुरुस्ती तीच, असे आम्हाला अजून वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आपण अभ्यासक्रमात लावतो. वानरांच्या टोळ्यांतील संघर्ष, रूपक, सत्ता यांवर प्रश्न काढतो. वानर कसे बसते, पिलू कोण उचलते, हे पाहून या, असा गृहपाठ आम्ही आजवर एकाही महाविद्यालयात दिलेला पाहिला नाही. माडगूळकर स्वतः रेखाटनवही घेऊन रानात बसत. ती वही आणि आमचा संग्रह यांत कसबाचे अंतर प्रचंड आहे, हे सांगायला कोणी आमच्याकडे येण्याची गरज नाही. पण बसण्याची सवय तीच आहे, आणि विद्यार्थ्याला देता येण्यासारखी गोष्ट कसब नसून सवय असते.

एक आक्षेप मात्र आम्हाला खरोखर अडचणीत टाकतो. नोंदीत जागा हवी, असे आम्ही इतका वेळ सांगत आलो. पण खवल्या मांजराची जागा जाहीर करणे म्हणजे चोरट्या शिकाऱ्याला पत्ता देणे. घुबडाच्या ढोलीची जागा सांगणे म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे करणे. नोंदी जमा करणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी म्हणूनच संकटग्रस्त जातींची नेमकी ठिकाणे झाकण्याची सोय केली आहे. आम्हीही तेच करतो: नेमकी जागा वहीत, जिल्हा तेवढा जाहीर. यात खरेपणाला थोडी कात्री लागते, आणि ती आम्ही जाणूनबुजून लावतो. माइनर्ट्झहागेनने खोटे लिहिले. आम्ही कमी लिहितो आणि कमी लिहिले आहे असेही लिहितो. हा फरक पुरेसा आहे की नाही यावर आमचे आपसांत अजून एकमत नाही.

आणि संग्रहात एक टिटवी आहे. एका मे महिन्यात, माळावर, खड्यांत खड्यासारखी दिसणारी तिची चार अंडी आम्हाला सापडली. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होती आणि आम्ही चांगल्या चित्राच्या आशेने तिथेच बसून राहिलो. टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते, हे आम्ही त्यानंतर कित्येक महिन्यांनी वाचले. चित्र सुरेख आले आहे. आजवर सर्वाधिक कौतुक त्याचेच झाले. ते काढून टाकावे असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते. आम्ही ते ठेवले आणि खालची ओळ बदलली. पूर्वी तिथे फक्त ‘टिटवी, अंड्यांसह’ असे होते. आता असे आहे: “टिटवी. मे, दुपारी साडेबारा. आम्ही घरट्यापासून दहा पावलांवर वीस मिनिटे बसलो. तेवढा वेळ अंडी उन्हात होती. ती परत बसली का, हे पाहायला आम्ही थांबलो नाही.”