काचेआडचे पाच

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी कामांची वाटणी होते. वाटणी करणारी व्यक्ती एकच असल्यामुळे त्या निकालावर अपील नसते. यंदा माळा आणि पंखे यांतून मी सुटलो, म्हणून चकलीच्या वासाशी सलगी करू पाहत होतो, तोच हुकूम आला, "अहो, ती माशांची पेटी तेवढी घासा. पोर येईल तेव्हा निदान मासे दिसू देत."

माशांची पेटी म्हणजे आमच्या कन्येचा दोन फुटी काचेचा संसार. जूनमध्ये ती परगावच्या वसतिगृहात राहायला गेली आणि जाताना पाच प्लॅटी मासे माझ्या हवाली करून गेली. सूचना दोनच होत्या : खाऊ चिमूटभर, आणि दिवा आठ तासांहून अधिक नको. मी दोन्ही मोडल्या. पोर दूर गेल्याची हुरहुर मी माशांच्या तोंडी घालीत होतो. सकाळी एक चिमूट, रात्री दोन. दिवा तर पेपर तपासताना सोबत म्हणून मध्यरात्रीपर्यंत जळे. न खाल्लेला खाऊ कुजला की त्याचे खत होते, आणि खताला उजेड मिळाला की शेवाळ माजते, हे मला समजले तोवर चारही काचांना हिरवा मखमली पडदा लागला होता. दर रविवारी फोनवर ती विचारी, "बाबा, मासे कसे आहेत?" मी सांगे, "मजेत!" पडद्याआड मधूनमधून काहीतरी नारिंगी हलते, एवढ्याच पुराव्यावर मी हे विधान करीत असे. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी समासात लाल प्रश्नचिन्ह काढले असते.

तर घासणे. स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली, बाह्या सरसावल्या आणि तळाच्या वाळूपासून वरपर्यंत एक झकास हात मारला. कर्रर्र असा आवाज झाला. शेवाळ गेले, आणि त्या जागी वीतभर पांढरी रेघ उमटली.

रेघ पुसता येते का, हे विचारायला मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. माझ्या विषयात तो दोनदा नापास झाला होता, पण त्या दिवशी त्याने मला जी शिकवणी दिली तिच्यात एक शब्द फालतू नव्हता.

"सर, काचेचा खरा वैरी वाळू. काठिण्याच्या मोजपट्टीवर काच साडेपाचाच्या आसपास, वाळूतला गारगोटीचा कण सातावर. तो अडकला की मऊ स्पंजसुद्धा काच ओरबाडतो. तुम्ही खालून वर घासलंत ना?"

मी मान डोलावली. वर्गात तो डोलावी तशीच.

"वरून खाली यायचं. वाळूच्या वर दोन बोटं थांबायचं. प्रत्येक हातानंतर घासणी धुवायची, पण साबण नको. चुंबकाची घासणी मिळते, तिच्यातही कण शिरतो. घट्ट ठिपके असतील तर नवं पातं, गंज नसलेलं, तिरकं धरून. काचा जोडणाऱ्या सिलिकोनला ते लागू द्यायचं नाही. आणि पेटी ॲक्रिलिकची असेल तर पात्याचं नाव काढू नका, ते काचेहून फार मऊ."

लहानपणी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात (ते १९५१ सालचे) मी काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. ती काच कोणी घासत असेल, हा विचार काही मनाला शिवला नव्हता.

"आणि रेघ?"

"ती राहणार, सर. पुढचं शेवाळ आधी तिच्यातच धरेल."

त्याने मला काही विकलेही नाही. "मुदत संपलेलं बँकेचं कार्ड असेल ना घरी? त्याची कड वापरा." इतकी वर्षे जपलेल्या त्या कार्डाचे सार्थक झाले! कडेखालून शेवाळाच्या पट्ट्या सोलून निघू लागल्या. दीड तास गेला. चौथा हिस्सा पाणी बदलले, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवरचे औषध घातले, आणि गढूळपणा खाली बसल्यावर खुर्ची ओढून समोर बसलो.

मासे चार होते.

वनस्पती बाजूला केल्या, दगड उचलला. चारच. मेलेला लहान मासा पाण्यात लवकर विरतो, उरलेले त्याचे भाऊबंद संपवतात. तो कधी गेला? दोन रविवारांपूर्वी? सहा? तेव्हाही मी "मजेत"च म्हटले असणार.

रात्री तिचा फोन आला. प्रश्न नेहमीचाच होता आणि उत्तर सवयीने ओठांवर आलेही. ते गिळले आणि खरे ते सांगितले; घासणीचे, रेघेचे, सगळे. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

"कोणता गेला, बाबा?"

मला सांगता येईना. चार महिने पाचांना खाऊ घातला, आणि ओळखत मी एकालाही नव्हतो.

"शेपटीच्या मुळाशी तीन काळे ठिपके असलेला आहे का? एक मोठा, दोन लहान. बघा ना."

फोन कानाला धरून मी पेटीसमोर गुडघे टेकले. तिघे रेघेजवळ घोटाळत होते, ठिपके कोणालाच नव्हते. चौथा वनस्पतीआडून बाहेर यायला तयार नव्हता.

"थांब," मी म्हणालो, "नीट बघून सांगतो."