‘मले मालिका लिहाची हाये!’

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच आमचे एक जुने स्नेही घरी आले. निवृत्त शिक्षक, राजापेठेत राहतात. पाऊसपाणी झाले, सोयाबीनचे भाव झाले, चहाही झाला, तरी गृहस्थ उठेनात. मनात काहीतरी अडकले होते हे उघड होते. अखेर कप बाजूला ठेवत ते म्हणाले, “भाऊ, पोट्टी म्हन्ते, मले मालिका लिहाची हाये. आता तुमीच सांगा, लिहून पोट भरते काय? अन् लिहाचंच हाये तं घरी बसून लिहीन म्हना. मंबईले कायले जाचं?”

पोरगी बी.कॉम. झालेली. कॉलेजात असताना युवक महोत्सवासाठी तिने दोन एकांकिका लिहिल्या होत्या, त्यांतली एक मी पाहिली होती. पोरीच्या कानात ताकद आहे, असे तेव्हाच वाटले होते. माणसे जशी बोलतात तसे तिला ऐकू येते आणि जसे ऐकू येते तसे ती लिहिते. लेखकाच्या अंगी याहून मोठे भांडवल ते काय असते?

दोन दिवसांनी ती स्वतःच आली आणि बापाने न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. मुंबईच्या एका निर्मिती संस्थेकडे तिने नमुन्यादाखल एक प्रसंग लिहून पाठवला होता. कापसाचे पैसे घरात आले आहेत आणि आई रात्री दिव्याखाली ते मोजते आहे. देणेकऱ्यांची नावे घेत ती एकेक गड्डी वेगळी ठेवते, आणि शेवटी मुलीच्या फीसाठी तिच्या हातात काहीच उरत नाही. प्रसंग एवढाच. उत्तर आले, “छान आहे. फक्त ही बाई जरा विनोदी करता येईल का? भाषा त्याला फार चांगली आहे.”

“काकाजी,” ती म्हणाली, “आईच्या हाती पैसे उरले नाहीत, यात हसण्यासारखं काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधातला आहे.

वऱ्हाडातल्या माणसाने पडद्यासाठी काम करणे ही काही नवलाई नाही. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावात १९३२ साली जन्मलेले दत्तात्रय अंबादास मायाळू आज साऱ्या महाराष्ट्राला ‘राजदत्त’ म्हणून ठाऊक आहेत. राजा परांजपे यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि १९६७ साली ‘मधुचंद्र’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. पुढे ‘अष्टविनायक’, ‘शापित’, ‘पुढचं पाऊल’, ‘सर्जा’ अशी रांगच लागली. पण आमच्या पिढीच्या घरात ते शिरले ते दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’मुळे. ना. धों. ताम्हनकरांचा पुस्तकातला गोट्या त्यांनी घराघरांत आणून बसवला. ती मालिका लागली की गल्लीतला क्रिकेटचा डाव आपोआप थांबत असे. वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, २०२४ साली, त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

त्यांच्या कारकिर्दीतल्या एका चित्रपटाकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. १९७७ चा ‘देवकीनंदन गोपाला’ हा गाडगेबाबांवरचा चित्रपट. बाबा शेंडगावचे. कथा गो. नी. दांडेकरांची, ते परतवाड्याचे. दिग्दर्शक राजदत्त, धामणगावचे. तिघेही एकाच अमरावती जिल्ह्याच्या मातीतले! मात्र कथाकार आणि दिग्दर्शक दोघांनाही आपल्या जिल्ह्याची गोष्ट पडद्यावर आणण्यासाठी आधी जिल्हा सोडावा लागला. आपल्याकडे गुणांचा तुटवडा कधीच नव्हता. त्या गुणांना उभे राहायला जागा मात्र बडनेऱ्याच्या फलाटावरून गाडी पकडल्यावरच मिळत आली आहे.

मालिकेचा धंदा कसा चालतो हेही पालकांनी समजून घ्यायला हवे. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा मनोहर श्याम जोशी या एका लेखकाच्या लेखणीवर सारा डोलारा उभा होता. मराठीत तेरा-तेरा भागांच्या साप्ताहिक मालिका होत, लेखकाला विचार करायला आठवडा मिळे. पुढे वाहिन्या आल्या, मालिका रोजच्या झाल्या. आता एकाची कथा, दुसऱ्याची पटकथा आणि तिसऱ्याचे संवाद अशी वाटणी असते. आठवड्याला पाच-सहा भाग लागतात, म्हणजे वर्षाकाठी अडीचशे-तीनशे. आज लिहिलेले पान उद्या चित्रीकरणाला जाते. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्यावर एखाद्या पात्राचे मरणही ठरते. मानधन सहसा भाग दाखवला गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी हाती पडते. नव्या माणसाला भाड्याच्या खोलीत हे तीन महिने काढावे लागतात, तेव्हा बापाचा प्रश्न काही अडाणीपणाचा नव्हता.

शिवाय संवाद लिहिणारा हा या साखळीतला शेवटचा माणूस. कुठले पात्र गंभीर आणि कुठले विनोदी, हे त्याच्या आधीच ठरलेले असते. म्हणून मी त्या पोरीला म्हटले, नुसते लेखक होऊन भागणार नाही, कधीतरी निर्मातेही व्हावे लागेल. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या. १९८९ साली त्यांनी ‘कळत नकळत’ची निर्मिती केली आणि पुढे ‘अवंतिका’ मालिका घरोघरी नेली. दिग्दर्शनाची धुरा त्यांनी सोपवली संजय सूरकर या नागपूरच्या माणसाकडे. कुणाची गोष्ट सांगायची आणि कुणाच्या हातून सांगायची, हे निर्माता ठरवतो. वऱ्हाडात नट झाले, दिग्दर्शक झाले, कवी-कादंबरीकार तर उदंड झाले. पण आपली गोष्ट आपल्या हिमतीवर उभी करणारे मालिका-निर्माते फारसे झाले नाहीत. खरी उणीव तिथे आहे.

आता बोलीच्या प्रश्नाकडे येतो. पडद्यावर वऱ्हाडी ऐकू आली की हसू येते, हे खरे आहे. भारत गणेशपुरे यांनी ‘फू बाई फू’ आणि ‘चला हवा येऊ द्या’तून हे हसू पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पोचवले, याचे मोल मी कमी मानत नाही. आधी जी बोली कानावरच पडत नव्हती, ती त्यांनी ओळखीची केली. विनोद हा दार उघडण्याचा चांगला मार्ग आहे. पण दार उघडल्यावर पाहुण्याने जन्मभर उंबऱ्यावरच नकला करीत उभे राहायचे का? त्याला कधीतरी आत बोलावून, बसवून, “काय चाललंय बाबा घरी?” असे विचारायला नको का?

वाहिनीवाल्यांचे म्हणणे असे की, गंभीर प्रसंगात बोली आली तर प्रेक्षक तुटतो. मला हे पटत नाही. २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षे चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ची नायिका राधिका नागपूरची होती. तिच्या बोलण्याला त्या भागाचा हेल होता आणि नवऱ्याने दगा दिल्यावर ती रडली तीही त्याच हेलात. महाराष्ट्र तिला हसला नाही, तिच्या बाजूने उभा राहिला. विदर्भाबाहेरही बोलीचे दुःख कळते, याला आणखी पुरावा कशाला?

तो पुरावा आपल्या वाङ्मयात तर फार आधीपासून आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच भांडते, वऱ्हाडीतच सोसते. तिला हसणारा वाचक मला अजून भेटायचा आहे. त्याच्याही आधी गाडगेबाबांचे कीर्तन होते. बाबा प्रश्न विचारत, समोरचे हजारो लोक उत्तर देत. त्याला संवादलेखन नाही तर काय म्हणायचे? लोक हसत, खूप हसत. पण ते बाबांच्या बोलीला हसत नसत. ते स्वतःच्या कर्जाला, नवसाला, अंधश्रद्धेला हसत आणि घरी जाताना गप्प होत.

आणि आणखी मागे जायचे तर आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला जावे लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याने पाहिल्या-ऐकल्या त्याला विचारून गोळा केल्या, आणि कोण कुठे काय बोलले ते जपून उतरवून ठेवले. छोटे छोटे प्रसंग, मोजकी माणसे, नेमके संवाद. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा बोलत्या माणसांनी भरलेला आहे. मालिका लिहू पाहणाऱ्याने याहून चांगला धडा कुठे शोधावा?

त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. माझी सूचना साधी आहे. तिथे पटकथा आणि संवादलेखनाला मानाचे पान मिळावे, आणि त्याच्या जोडीला निर्मितीचे गणित, म्हणजे अंदाजपत्रक, करारनामा, लेखकाचे हक्क, हेही शिकवले जावे. राज्य नाट्य स्पर्धेच्या अमरावती केंद्रावर दरवर्षी रात्री जागवणाऱ्या मंडळींकडे नट आहेत, तंत्रज्ञ आहेत, उमेद आहे. अकोल्या-अमरावतीच्या व्यापाऱ्यांकडे पैसाही आहे. लग्नाच्या एका रात्रीत जेवढा मांडवाला लागतो, तेवढ्यात एक छोटी, नेटकी मालिका सुरू होऊ शकेल. आज ती दाखवायला मोठ्या वाहिनीचीच वाट पाहावी लागते असेही नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे.

स्नेह्यांना मी अखेर एवढेच सांगितले : दोन वर्षे द्या. पोरीच्या लग्नासाठी जे बाजूला ठेवले असेल, त्यातले थोडे तिच्या खोलीच्या भाड्याला लावा. नाही जमले तर परत येईल, चार गोष्टी शिकून येईल. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अन् तिथं जाऊन आपली भाषा इसरली तं?”

एवढा वेळ मी त्यांना पैशाची काळजी आहे असे समजत होतो.

पोरगी गेल्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली. तो कापसाच्या पैशांचा प्रसंग तिने बदललेला नाही. पिशवीत तो तसाच आहे. आई पैसे मोजते आणि कुणी हसत नाही.