काय जेवलीस?

क्वालालंपूरहून लंडनला शिकायला गेलेल्या मुलीला आईचा फोन आला की, पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘सुदाह माकान?’’ म्हणजे ‘जेवलीस का?’

हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या वेळेत 8 तासांचा फरक असतो. लंडनमध्ये दुपारचे 4 वाजतात, तेव्हा तिकडे मध्यरात्र. आई झोप आवरून जागी असते. मुलीसमोर असतो कोरडा पाव अन् मनात नारळाच्या दुधात शिजवलेला ‘नासी लेमाक’ भात, सोबत मिरचीची झणझणीत चटणी. तरी ती म्हणते, ‘‘हो, पोटभर जेवले.’’

आईला का हे कळत नाही? ती हळूच विचारते, ‘‘काय जेवलीस?’’ तेव्हा मात्र मुलीला रडू आवरत नाही.

तुमची मुलंही घरापासून दूर शिकत असतील तर परीक्षेच्या गुणांआधी हा दुसरा प्रश्न जरूर विचारा.