फुटक्या परीक्षानळ्यांसाठी निधी हवा

वसतिगृहात सदरा धुताना भाजीचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. सांगलीच्या हळदीचा हा गुण आष्ट्यातील मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक! त्यावर लिंबू पिळून पाहण्याची मुभा मात्र वर्गात क्वचितच मिळते. वहीतला प्रयोग तेवढा आकृतीसह पूर्ण असतो. फुटतील या भयाने कपाटातच जुनी होणारी काचपात्रे आम्हांस विज्ञानाचा अवमान वाटतात. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवून साहित्याच्या अभावाची सबब केव्हाच निकाली काढली आहे. माजी विद्यार्थ्यांनी नव्या सभागृहाआधी फुटक्या परीक्षानळ्यांच्या भरपाईसाठी निधी उभारावा, अशी आमची विनंती आहे. कपाटाची किल्ली सातवीच्या वर्गाकडे असावी.