अभ्यासाचे घड्याळ चुकते कुठे?

शाळा सुरू झाल्या की दहावीतल्या मुलांच्या घरोघरी भिंतीवर नवे वेळापत्रक लागते. पहाटे पाचला उठणे, सातला शाळा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी क्लास आणि रात्री अकरापर्यंत वाचन. कागदावर हा दिवस नेटका दिसतो, पण झोपेसाठी त्यात जेमतेम सहा तास उरतात. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. म्हणजे अभ्यासाची 'चांगली सवय' लावताना मूल रोज किमान दोन तासांची उधारी करते. ती रविवारी दहापर्यंत झोपून फिटत नाही, उलट सोमवारी उठणे आणखी जड जाते.

झोपेचा प्रश्न शासनदरबारी पोहोचलाच नाही असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचे सांगून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. पण पाचवीपासून पुढचे वर्ग त्यात आले नाहीत आणि ज्यांच्या शरीराला उशिराच्या शाळेची सर्वांत जास्त गरज आहे, तीच मुले बाहेर राहिली.

कारण शरीरशास्त्रात आहे. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि झोप येते. वयात येताना ही वेळ पुढे सरकते, कित्येक मुलांत दोन तासांपर्यंत. शिवाय दिवसभर जागून साठणारी झोपेची ओढही या वयात सावकाश साठते. आठ वर्षांचे मूल नऊला पेंगते, तर त्याची पंधरा वर्षांची ताई अकरा वाजले तरी टक्क जागी असते. त्यात मोबाइलचा वाटा नक्की आहे, पण सगळा दोष मोबाइलचा नाही आणि आळसाचा तर नाहीच. विशीच्या आसपास हे घड्याळ पुन्हा मागे येऊ लागते. तोवर दहावी, बारावी आणि प्रवेश परीक्षा होऊन गेलेल्या असतात.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. वेळ पुढे नेली तर मुले तेवढीच उशिरा झोपतील, ही शंका तिथेही होती. सिएटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. मनगटावरील उपकरणांनी मोजल्यावर शाळेच्या दिवशीची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. ३४ मिनिटे थोडी वाटतात, पण आठवड्याच्या पाच दिवसांत ती जवळपास तीन तास होतात.

या झोपेचा अभ्यासाशी संबंध काय? दिवसभरात शिकलेले आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते नोंदले जाते. गाढ झोपेत त्याची जणू फेरउजळणी होते आणि ते मेंदूच्या बाह्य आवरणात पक्के बसू लागते. म्हणून रात्रभर जागून वाचलेले सकाळच्या पेपरपुरते कसेबसे टिकते आणि पुढच्या आठवड्यात पुसट होते. जागण्यासाठी घेतलेल्या चहा-कॉफीचेही तसेच. त्यातले निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनीही रक्तात असते. दहाला घेतलेली कॉफी तीनपर्यंत रेंगाळते आणि आलेली झोपही उथळ करते.

झोप पुरी झाली तरी वाचण्याची पद्धत हा प्रश्न उरतोच. बहुतेक मुले धडा वाचतात, रंगीत पेनाने ओळी रंगवतात आणि पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांचा २००६ मधला प्रयोग इथे उपयोगी आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणाऱ्यांना ८३ टक्के, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवत होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल, याची खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. 'घरी सगळे येत होते, पेपरात आठवले नाही' ही दरवर्षीची तक्रार खोटी नसते. घरी पुस्तक समोर होते, म्हणून ते येत आहे असे वाटत होते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. दिवेलागणीला पाढे आणि परवचा म्हणवून घेण्याची रीत हेच करत होती. पुस्तक मिटलेले, रोज थोडे आणि आठवूनच. त्यात समजण्यापेक्षा पाठ करण्यावर भर होता, हे खरे. पण न बघता आठवण्याची आणि दिवसांचे अंतर ठेवून उजळणी करण्याची ती पद्धत आजच्या इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या धड्यालाही लागू पडते. धडा वाचून पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि चुकलेले तेवढे पुन्हा बघावे. हेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने करावे. यासाठी क्लासची फी लागत नाही आणि दिवसाचा तासभर वाचतो. तो तास झोपेला द्यावा.

परीक्षा जवळ आली की सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत स्मरणशक्तीचे टॉनिक मागणारे पालक येऊ लागतात. स्मरणशक्ती वाढवणारे सिद्ध औषध नाही. त्याऐवजी डोळ्यांचा नंबर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर रागावण्याआधी शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, हे विचारावे.

शाळेची वेळ बदलणे सोपे नाही. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, शाळेच्या बसला दोन फेऱ्या असतात, खेड्यातली मुले पहिल्या एसटीवर अवलंबून असतात. एका खोलीच्या घरात दहाला दिवा मालवणे हे एकट्या मुलाच्या हाती नसते. तरीही काही गोष्टी आजही जमतील. जिथे दोन सत्रे आहेत तिथे आठवी ते दहावीला दुपारचे सत्र देता येते का, हे पाहता येईल. सातच्या पहिल्या तासाला गणित किंवा चाचणी न ठेवणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. क्लास रात्री आठला सुटावा, असा आग्रह पालक धरू शकतात. रात्री घरातले सगळेच मोबाइल, आई-वडिलांचेही, एका जागी ठेवता येतात.

सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरवले. दुसरी संधी मुलांचा ताण हलका करू शकेल. पण अभ्यासाची रीत आणि दिवसाचे वेळापत्रक तेच राहिले, तर जागरणाचा हंगाम वर्षातून एकाऐवजी दोनदा येईल. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी शासनाने झोपेचा विचार केला. आता तो दहावी-बारावीच्या मुलांपर्यंत न्यायला हवा.